वैद्यकीय संघटनांतील स्त्रिया, भारतातील

वैद्यकाच्या व्यावसायिक व विशेषज्ञ संघटनांत स्त्री-डॉक्टरांना मिळालेले सभासदत्व, पदे आणि निर्णयांतील वाटा. भारतात या प्रतिनिधित्वाचा आरंभ विशेषज्ञ संघटनांतून न होता स्त्रियांच्या स्वतंत्र संघटनेतून झाला.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १८७३ मध्ये इंग्रज डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांना सभासद करून घेतले, पण १८७८ मध्ये इतर स्त्रियांना दार बंद केले. ते १८९२ मध्ये उघडले. याच काळात इंग्रज डॉक्टर एडिथ पीची १८८३ मध्ये मुंबईस आल्या व स्त्रिया-मुलांसाठीचे कामा रुग्णालय उभे राहिले. पुढे तेथील प्रमुख डॉक्टर ॲनेट बेन्सन यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये ‘असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया’ स्थापन झाली.

संघटनेच्या उगमामागे डफरिन फंडाविषयीची (भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवणारा निधी; स्थापना १८८५) नाराजी होती. फंडाच्या जनाना रुग्णालयांतील स्त्री-डॉक्टरांवर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनची देखरेख असे आणि सेवाशर्ती अनिश्चित असत. संघटनेने लावलेल्या रेट्यातून १९१४ मध्ये ‘विमेन्स मेडिकल सर्व्हिस’ ही स्त्री-डॉक्टरांची सेवा निघाली; आरंभीच्या जागा २५ होत्या. ही चळवळ नेमकी कोणाची, यावर मतभेद आहेत. मार्गारेट बॅल्फोर व रूथ यंग यांनी १९२९ मध्ये लिहिलेल्या इतिहासात ती सर्व स्त्री-डॉक्टरांची प्रगती म्हणून येते. बॅल्फोर स्वतः त्या सेवेत वरिष्ठ अधिकारी होत्या, हे विसरू नये. अलीकडचे अभ्यासक वंश व पदवी यांवर आधारलेल्या उतरंडीकडे बोट दाखवतात. सेवेत प्रवेशासाठी ब्रिटनमध्ये नोंदणीयोग्य पदवी लागे, त्यामुळे हॉस्पिटल असिस्टंट या कनिष्ठ वैद्यकीय दर्जाच्या भारतीय स्त्रिया बाहेरच राहत. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय नेतृत्वाचे ठळक उदाहरण म्हणजे बेने इस्रायली समाजातील जेरुशा झिराड (जन्म १८९० किंवा १८९१). लंडन विद्यापीठाची एम. डी. (१९१९) घेतल्यानंतर त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत त्या पदावर होत्या. मुंबईच्या प्रसूति-स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९४७ ते १९५७ या काळात त्या ‘असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया’च्या अध्यक्ष होत्या. ठिकठिकाणच्या प्रसूति-स्त्रीरोग संस्थांचा महासंघ, म्हणजेच ‘फॉग्सी’, १९५० मध्ये मद्रासच्या अधिवेशनात स्थापन झाला. त्याच वर्षाच्या अध्यक्ष म्हणूनही झिराड यांचे नाव येते. स्वतंत्र संघटनेतील अनुभव संयुक्त संघटनेत कसा उतरला, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

फॉग्सीचे अध्यक्षपद एका वर्षाचे असल्याने ते अनेकांकडे फिरते. २०१६ ते २०१९ या सलग चार वर्षांत अलका कृपलानी, रिश्मा पै, जयदीप मल्होत्रा व नंदिता पालशेतकर अध्यक्ष होत्या. मात्र या विषयात स्त्रियांची संख्या मुळातच मोठी असल्याने केवळ अध्यक्षांच्या यादीवरून अनुमान काढणे धोक्याचे आहे. अधिवेशनातील मुख्य व्याख्याने, नियतकालिकांची संपादकमंडळे व परीक्षक समित्या यांतील वाटाही मोजावा लागतो.

शस्त्रक्रियेसारख्या शाखांत चित्र वेगळे दिसते. ब्रिटनमध्येही प्रसूतितज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज’ या व्यावसायिक संघटनेने १९४९ मध्ये हिल्डा लॉइड यांना अध्यक्ष केले, तर इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सला पहिली स्त्री-अध्यक्ष, क्लेअर मार्क्स, २०१४ मध्ये लाभली.