शिळं पाणी आणि मुरलेली टाकी

मासे पिशवीत बांधून देताना दुकानदार हमखास सांगतो, "पाणी दोन दिवस ठेवा, मग सोडा." भाच्याने अगदी तसंच केलं. चार बादल्या दोन दिवस गच्चीत उघड्या ठेवल्या, दोन फुटी टाकी भरली, चार गोल्डफिश सोडले. पाच दिवस मजेत गेले. सहाव्या दिवशी सकाळी चौघेही वर येऊन हवा गिळत होते, संध्याकाळपर्यंत दोन गेले. बहिणीचा फोन आला, "अरे, पाणी तर शिळं केलं होतं!"

केलं होतं, त्यात त्याची चूक नाही. टाकी मात्र मुरलेली नव्हती. दोन्ही ठिकाणी थांबायचंच असतं, म्हणून लोकांना हे एकच काम वाटतं.

पाणी शिळं करायचं ते क्लोरीनसाठी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. उघड्या बादलीतून तो २४ ते ४८ तासांत उडून जातो, एअर पंप लावला तर लवकरच. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेतच. (क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असलेलं पाणी मात्र नुसतं ठेवून सुधारत नाही, तिथे थेंबच हवेत.) बोअरच्या पाण्यात बहुधा ही भानगड नसते, पण गावात विहिरीत टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक) पावडर पडली असेल तर तिथेही सांभाळावं.

मुरवणं हे प्रकरण निराळं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. नदीत तो वाहून जातो, विरतो. पन्नास लिटरच्या काचेच्या पेटीत जाणार कुठे? त्याची वाट लावतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषच, त्याने माशाचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि कल्ले तपकिरी पडतात. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. ते बरंच सौम्य असतं, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून वाढतात, पाण्यात फारसे नसतात. त्यामुळे बादलीत पाणी महिनाभर ठेवलंत तरी टाकी मुरत नाही. त्यांचा जम बसला की टाकी मुरली, आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

नेमकं काय बिघडलं हे बरेचदा वेळेवरून कळतं. पाणी बदलल्यावर तासा-दोन तासांत मासे सैरभैर झाले तर आधी क्लोरीनवर संशय घ्यायचा. टाकी नवी आहे आणि पाच-दहा दिवसांनी मासे वर येऊ लागले, तर अमोनियावर. पाणी तेव्हा काचेसारखं नितळही असू शकतं, डोळ्यांवर विसंबू नका. नळीतल्या पाण्याच्या रंगावरून अमोनिया-नायट्राइट दाखवणारं टेस्ट किट घ्या. साधं अँटी-क्लोरीन अमोनियाला काहीही करत नाही. अशा वेळी खाणं बंद करून शिळ्या पाण्याने निम्मी टाकी बदलायची.

इथे बहुतेक जण जे करतात ते मीही एकदा केलंय: टाकी रिकामी केली, खडे गरम पाण्याने धुतले, स्पंज नळाखाली पिळपिळून पांढरा केला आणि वर स्वच्छतेचं समाधान मानलं. होते नव्हते ते जिवाणू गटारात गेले आणि माझी टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस्स.

मुरवण्याला एक जवळची वाट आहे. दह्याला विरजण लागतं, तसा जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज नव्या फिल्टरशेजारी ठेवायचा. भाच्यासाठी मी माझा अर्धा स्पंज कापून दिला. ओल्या पिशवीत नेला, कारण सुकला की संपला. उरलेले दोन गोल्डफिश माझ्याकडे आणले. (एरवीही गोल्डफिशला ती टाकी लहानच, तिथे चार-पाच गप्पी शोभतील.) आता भाचा रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकतो, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तसेच राहिले की मासे आणायचे, तेही दोन-दोन करून.

काल सतरावा दिवस होता. अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य. नायट्राइटची अजून जांभळी. त्याची आजी रोज विचारते, "मासे नाहीत तर खायला कोणाला घालतोस रे?"