मिटलेली भेग ओळखायची कशी?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उघड्या गच्चीचा स्लॅब वरून भाजून निघतो. आतला भाग त्यामानाने थंड असतो. वरचा थर फुगू पाहतो, खालचा त्याला फुगू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर दाबाखाली येतो आणि त्यातल्या बारीक भेगा चक्क मिटतात. पहाटे पृष्ठभाग आधी गार होतो, भेगा पुन्हा उघडतात. तपासणाऱ्याची पंचाईत इथेच आहे.

नेहमीची तपासणी सोपी. खांबाच्या एका बाजूने साधारण ५४ किलोहर्ट्झची अल्ट्रासॉनिक लहर सोडायची आणि पलीकडे ती किती मायक्रोसेकंदांत पोचली ते मोजायचं. चांगल्या काँक्रीटमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर. वाटेत पोकळी असली तर वळसा पडतो, उशीर होतो. पण या हिशेबाने लहरीची लांबी ७ सेंटिमीटरच्या वर जाते. कडा टेकलेली, केसाहून बारीक भेग तिच्या खिजगणतीतही नसते.

नॉनलिनिअर पद्धतीत, म्हणजे लहरीचा वेग नव्हे तर तिच्या आकारातला बिघाड पाहणाऱ्या पद्धतीत, कान असतो सुरावर. लहर म्हणजे आलटून पालटून दाब आणि ताण. जोरकस लहर आली की भेगेच्या कडा दाबाच्या क्षणी टेकतात, ताणाच्या क्षणी सुटतात. भेग सेकंदाला हजारो टाळ्या वाजवते म्हणा ना! दाब पार होतो, ताण अडखळतो, लहरीचा आकार बिघडतो. मग ५० किलोहर्ट्झ पाठवले तरी पलीकडे १०० आणि १५०सुद्धा थोडे उमटतात. शाबूत काँक्रीटही अगदी शुद्ध सूर देत नाही, कारण सिमेंट आणि गिट्टीच्या सांध्यात सूक्ष्म भेगा पहिल्यापासून असतातच. पण नुकसान सुरू झालं की ही भेसळ झपाट्याने वाढते, बरेचदा वेगात फरक दिसण्याच्या आधीच.

मला त्याहून विलक्षण वाटते ती काँक्रीटची आठवण. नमुना जोरात कंपवला की त्याची नैसर्गिक कंप्रता, म्हणजे तो स्वतःहून सेकंदाला किती वेळा कंपतो तो आकडा, किंचित उतरते, आणि कंपन थांबवल्यावरही लगेच पूर्ववत होत नाही. आधी भराभर, मग रेंगाळत, कधी काही तास घेत ती सावरते.

प्रत्यक्ष जागेवर अडचणी बऱ्याच. अॅम्प्लिफायर आणि प्रोबखालचं (लहर सोडणाऱ्या-टिपणाऱ्या उपकरणाखालचं) ग्रीसही सुरात भेसळ करतं. ती वजा करता आली नाही तर निष्कर्ष फुकट. उंच कंप्रतेच्या लहरी गिट्टीवर आपटून विखुरतात. दुसरीकडे, नागपुरातल्या वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलासारख्या बांधकामावर एक सोय आयती आहे: वरून जाणारी मेट्रो. तिच्या वजनाने भेगा, असल्याच तर, किंचित उघडमिट होणार. त्याच वेळी हलकी लहर सोडून, गाडी येण्याआधी, डोक्यावर असताना आणि गेल्यावर लहरीचा वेग कसा बदलतो ते नोंदवता येईल. त्यासाठी वाहतूक थांबवायची नाही. उलट ती चालू हवी.