बेपत्ता माणूस सात वर्षं सापडला नाही तर : मिसिंगच्या नोंदीपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत

घरातलं माणूस रानात, घाटात किंवा ऊसतोडीच्या वाटेवर नाहीसं झालं आणि वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही, की शोधाच्या जोडीला कागदांचा गुंता सुरू होतो. सातबाऱ्यावर त्याचंच नाव, पैसे त्याच्या खात्यात, विमा त्याच्या नावावर. गावात सर्रास सांगतात, ‘सात वर्षं झाली की माणूस मेलेला धरतात.’ हे अर्धंच खरं आहे. सात वर्षं भरली म्हणून तलाठी आपोआप वारस नोंद घेत नाही की ग्रामपंचायत दाखला देत नाही. मृत्यू गृहीत धरण्याचं काम न्यायालयाचं, आणि तिथे जाऊन ते मागावं लागतं.

मिसिंगची नोंद

चोवीस तास थांबा, असा कोणताही कायदा नाही. माणूस जिथे राहतो किंवा जिथे शेवटचा दिसला, त्या पोलीस ठाण्यात नातेवाईक, शेजारी, मुकादम, कोणीही तक्रार देऊ शकतं. वाडी-पाड्यावरून ठाणं लांब असेल तर आधी पोलीस पाटलाला गाठा. मात्र पोलीस पाटलाला सांगितलं म्हणजे मिसिंग दाखल झाली असं समजू नका. ठाण्यातला नोंद क्रमांक आणि तारीख असलेली प्रत हातात आली पाहिजे. पुढे जे काही होतं ते या एका कागदावर. लाजेपोटी किंवा ‘येईल परत’ म्हणून ही नोंद न करणारी घरं पुष्कळ आहेत, आणि सर्वांत जास्त अडतात तीच.

सोबत अलीकडचा फोटो, आधारची प्रत, मोबाइल क्रमांक, अंगावरचे कपडे, गोंदण, जुनी जखम, दातांची ठेवण असं वर्णन द्या. बेवारस मृतदेह सापडला की अकस्मात मृत्यूची नोंद होते, आणि ओळख पटवताना हेच तपशील उपयोगी पडतात. रक्ताच्या नातेवाइकाचा डीएनए नमुना घेण्याची विनंतीही लेखी करून ठेवा.

हरवलेली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर नुसती मिसिंग पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितल्यानुसार अपहरणाचा संशय धरून थेट गुन्हा नोंदवावा लागतो. सज्ञान व्यक्तीबाबत घातपाताचा किंवा पळवून नेल्याचा संशय असेल तर तो तक्रारीत स्पष्ट लिहा. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) असेल तर ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. ठाण्याने नकार दिला तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तरीही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

सात वर्षांनंतरचा दावा

जुन्या पुरावा कायद्याचं कलम 108 आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 111 झालं आहे. आशय तोच : ज्यांना त्या व्यक्तीची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती, अशा लोकांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. सात वर्षं मोजायची ती शेवटची खबर मिळाली तेव्हापासून. मधल्या काळात एखादा फोन किंवा पत्र आलं असेल तर मोजणी तिथून सुरू होते, आणि ते लपवलं तर दावाच अंगाशी येतो.

पत्नी, मुलं, आईवडील किंवा ज्याचा कायदेशीर हक्क या मृत्यूवर अवलंबून आहे असा माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 34 खाली दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा, म्हणजे ती व्यक्ती मृत आहे असं न्यायालयाने जाहीर करावं म्हणून दावा, करतो. मिसिंगची प्रत, शोध न लागल्याचा पोलिसांचा अहवाल, रेशनकार्ड, नातं दाखवणारे दाखले, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि सोयरे-शेजारी यांची साक्ष लागते. इतर वारसांना पक्षकार करावंच लागतं. शासनालाही केलं तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

दाव्यात फक्त ‘मृत घोषित करा’ एवढंच मागू नका. मृत्यूची तारीख कोणती धरायची आणि जन्म-मृत्यूच्या कोणत्या निबंधकाने नोंद घ्यायची, हेही मागा. हे हुकूमनाम्यात (दाव्याच्या निकालाच्या आदेशात) नसेल तर ग्रामपंचायत परत पाठवते आणि फेरा नव्याने सुरू होतो. एकदा मृत्यूचा दाखला मिळाला की वारस नोंदीचा फेरफार नेहमीच्याच वाटेने होतो.

तारखेचा मुद्दा विम्यात फार जाचक ठरतो. एलआयसी विरुद्ध अनुराधा या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गृहीतक फक्त मृत्यूचं आहे, मृत्यूच्या वेळेचं नाही. माणूस अमुक दिवशीच गेला असं म्हणणाऱ्याने ते पुराव्याने दाखवायचं. म्हणून जमेल तोवर हप्ते भरत राहा. पॉलिसी बंद पडली की दावा अडतो. बेपत्ता माणसाच्या बायकोला त्याचेच हप्ते भरायला लावणं क्रूर आहे, पण आज नियम तसाच आहे.

सगळ्याच गोष्टींना सात वर्षं लागत नाहीत. केंद्र सरकारी कर्मचारी किंवा निवृत्तिवेतनधारक बेपत्ता असेल तर पोलिसांत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी अर्ज करता येतो, हमीपत्रासह. बँकेत रक्कम छोटी असेल तर पोलिसांची नोंद, शोध न लागल्याचा अहवाल आणि हमीपत्र एवढ्यावर पैसे देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. मर्यादा शाखेत लेखी विचारा. हिंदू विवाह कायद्यात सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं कारण आहे, तर 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात पत्नीला चारच वर्षं थांबावं लागतं.

आपत्तीत गाडले गेलेल्यांसाठी वाट निराळी. जुलै 2023 मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. शोधकार्य थांबवल्यावर प्रशासनानेच त्यांना मृत मानलं, वारसांना सात वर्षं ताटकळावं लागलं नाही. एकटाच ओढ्यात वाहून गेलेल्या गुराख्याच्या घरच्यांना मात्र ही सवलत सहज मिळत नाही. तलाठ्याचा पंचनामा आणि प्रत्यक्षदर्शींचे जबाब त्याच आठवड्यात झाले असतील, तर सात वर्षांआधीही पुराव्यावर मृत्यू सिद्ध करता येतो.

आणि माणूस परत आला तर? गृहीतक खोडता येतं. त्याने स्वतः न्यायालयात यायचं, हुकूमनामा रद्द करून घ्यायचा, मग मृत्यूची नोंद आणि फेरफार दुरुस्त करून घ्यायचे. हमीपत्रावर उचललेली रक्कम मात्र घरच्यांना परत करावी लागू शकते.