ग्रुपमध्ये ॲड केलं की नुसती साइट शेअर केली? शेअरपॉइंटमधली रोजची गल्लत

ऑफिसात गणेशोत्सवाची कमिटी असते, ट्रेकिंगवाल्यांची टोळी असते, आणि त्यांच्यासाठी कोणीतरी हौसेने शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टची, ऑफिसातल्या फाइली आणि आतल्या साइट ठेवायची सोय) टीम साइट काढून ठेवतं. मग माणसं ॲड होतात आणि थोड्या दिवसांनी एकेकाचे मेसेज सुरू होतात, "अरे साइट उघडतेय, वर्गणीची एक्सेल पण दिसतेय, पण टीम्सवर काहीच दिसत नाही, प्लॅनर पण नाही, मला ॲड केलंय ना नक्की?" केलंय हो, पण कशात केलंय ते बघायला लागेल.

टीम साइटवर वर उजव्या कोपऱ्यात ते गियरचं चिन्ह असतं, त्यात साइट परमिशन्स, आणि तिथे ॲड मेंबर्स दाबलं की दोन पर्याय येतात. एक 'ॲड मेंबर्स टू ग्रुप', दुसरा 'शेअर साइट ओन्ली'. बहुतेक लोक न वाचता जो हाताला लागेल तो दाबतात, कारण माणूस आत आला की झालं असं वाटतं.

पहिला पर्याय घेतला की माणूस मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपचा मेंबर होतो. हा ग्रुप शेअरपॉइंटमध्ये राहतच नाही, तो एन्ट्रा आयडीमध्ये असतो (कंपनीतली अकाउंटं आणि ग्रुप जिथे नोंदलेले असतात ती जागा, पूर्वीची ॲझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी), आणि साइट ही त्याला जोडलेल्या अनेक गोष्टींपैकी फक्त एक. म्हणजे त्या एका ॲडमध्ये साइट, ग्रुपचा मेलबॉक्स आणि कॅलेंडर, वननोटची वही, प्लॅनर (कामं वाटून द्यायचा बोर्ड), आणि टीम्स जोडलेलं असेल तर ते पण, सगळं एकदम मिळतं. दुसऱ्या पर्यायात फक्त शेअरपॉइंट. रीड, एडिट किंवा फुल कंट्रोल यातलं काय द्यायचं ते निवडायचं आणि विषय संपला, प्लॅनर-बिनर काही नाही. सोसायटीचा सभासद असणं आणि क्लबहाऊसची चावी मिळणं यात जो फरक तोच इथे.

आता गोंधळ का होतो, तर दोन्हीकडे मेंबर्सच लिहिलेलं असतं म्हणून. साइट परमिशन्समधूनच ॲडव्हान्स्ड परमिशन्समध्ये जाऊन साइटचा मेंबर्स ग्रुप (हा शेअरपॉइंटचा स्वतःचा, वेगळा ग्रुप) उघडून बघा एकदा. आत 'गणेशोत्सव कमिटी मेंबर्स' अशी एक ओळ दिसेल, ती कोणी व्यक्ती नाही, अख्खा मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप त्या एका ओळीत बसलाय. आणि त्याच्या खाली जी सुटी सुटी नावं दिसतात ना, ती साइट ओन्लीवाली मंडळी. तक्रारी करणारे सहसा याच खालच्या यादीतले निघतात.

ग्रुप पब्लिक ठेवलेला असेल तर तिथे अजून एक ओळ असते, 'एव्हरीवन एक्सेप्ट एक्सटर्नल यूजर्स'. म्हणजे कंपनीतला कोणीही, त्याला कोणी ॲड केलेलं नसलं तरी, साइटवर येऊन फाइल एडिट करू शकतो. पब्लिक म्हणजे नुसतं बघता येतं असं समजून लोक तिथे हिशोबाच्या शीट टाकतात, त्यांनी हे आधी तपासावं.

ओनरचं पण तसंच आहे. ग्रुपचा ओनर केला की तो आपोआप साइटचा ॲडमिन होतो, पण साइटवर फुल कंट्रोल दिलेला माणूस ग्रुपचा ओनर होत नाही. त्याला साइटवर वाट्टेल ते करता येईल, लायब्ररी उडवता येईल, पण टीम्समध्ये एक माणूस वाढवायचा म्हटलं तर त्याचं काही चालत नाही. मोठ्या साहेबांना मान म्हणून फुल कंट्रोल देऊन ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि मग साहेब विचारतात मला मेंबर का ॲड करता येत नाहीये.

व्हिवा एंगेजवर कम्युनिटी असेल तर आतली भानगड बऱ्यापैकी हीच. एंगेज म्हणजे कंपनीच्या आतल्या गप्पांचं सोशल नेटवर्क, जुनं यामर, मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये १.२ अब्ज डॉलर मोजून घेतलेलं आणि २०२३ मध्ये नाव बदललेलं. प्रत्येक कम्युनिटीच्या मागे एक मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप आणि एक शेअरपॉइंट साइट असते, कम्युनिटीत जाऊन माणूस ॲड केला की तो ग्रुपमध्येच जातो. पण कोणी शहाणपणा करून मागच्या साइटवरून नुसती साइट शेअर केली आणि कम्युनिटी प्रायव्हेट असेल, तर त्या माणसाला फाइली मिळतात आणि गप्पा काही दिसत नाहीत. शेअरपॉइंट २०१३ मध्ये कम्युनिटी साइट नावाचं वेगळंच टेम्प्लेट होतं, जॉइनचं बटण, पॉइंट्स, बॅज वगैरे, त्याचे जुने स्क्रीनशॉट अजून नेटवर फिरतात, ते बघून आत्ताच्या साइटवर बटण शोधत बसू नका.

मग साइट ओन्ली कधीच वापरू नये का, तर तसं नाही, आणि इथे माझं मत जरा वेगळं आहे. जे लोक फक्त वाचणार आहेत त्यांना ग्रुपमध्ये घुसवणं हा त्रास आहे, त्यांनाही आणि तुम्हालाही. ऑडिटवाला आलाय, त्याला चार फोल्डर बघायचेत, त्याला कमिटीच्या कॅलेंडरचं काय करायचंय? शिवाय अख्खं डिपार्टमेंट घ्यायचं असेल तर साइट ओन्लीच सोयीचं, कारण साइटला सिक्युरिटी ग्रुप (परवानग्या देण्यासाठी आयटीने केलेली माणसांची यादी) जसाच्या तसा देता येतो, उद्या त्यात नवा माणूस आला की त्याला साइट आपोआप उघडते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपमध्ये दुसरा ग्रुप मेंबर म्हणून बसत नाही. टीम्समध्ये डिस्ट्रिब्युशन लिस्टचं (एकदम सगळ्यांना मेल टाकायच्या यादीचं) नाव टाकलं तर ते चालतं खरं, पण त्या क्षणी लिस्टमध्ये जे आहेत तेवढेच सुटे सुटे ॲड होतात, नंतर लिस्ट बदलली तरी टीमला पत्ता नसतो. डायनॅमिक मेंबरशिप (म्हणजे डिपार्टमेंटसारख्या नियमावरून मेंबर आपोआप ठरणं) लावून हे सोडवता येतं पण त्याला एन्ट्राचं पी१ लायसन्स लागतं आणि ते आयटीच्या हातात.

खरी गंमत माणूस प्रोजेक्ट सोडून जातो तेव्हा. ग्रुपमध्ये होता, ग्रुपमधून काढला, की साइट, टीम्स, प्लॅनर सगळीकडून गेला (टीम्समध्ये दिसायला कधीकधी काही तास लागतात, घाई करू नका). पण त्याच माणसाला आधी कोणीतरी साइट पण वेगळी शेअर केली असेल तर ग्रुपमधून काढूनही तो साइटवर तसाच राहतो, कारण त्या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध नाही. कंपनी सोडली तर अकाउंटच बंद होतं, पण नुसता डिपार्टमेंट बदललेला माणूस वर्षानुवर्षं जुन्या साइटवर एडिट हक्क घेऊन बसलेला सापडतो. आणि कोणी त्याला एखाद्या फाइलची लिंक वेगळी दिली असेल तर ती तिसरीच वाट.

हे शोधायला ॲडव्हान्स्ड परमिशन्सच्या पानावर वर 'चेक परमिशन्स' म्हणून बटण आहे, फार कमी लोक ते दाबतात. नाव टाकायचं, आणि खाली येतं की याला एडिट आहे, अमुक ग्रुपमधून मिळालंय किंवा थेट दिलेलं आहे. थेट असेल तर ती ओळ साइटवरच काढायची, ग्रुपमधून मिळालं असं दिसलं तर तो साइटचा ग्रुप उघडून त्याचं नाव तिथे सुटं पडलंय का ते बघायचं, नसेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपकडे जायचं.

आणि तुमच्या गियरमध्ये ॲड मेंबर्स टू ग्रुप हा पर्यायच दिसत नसेल तर बहुतेक तुमची साइट कम्युनिकेशन साइट आहे, म्हणजे सगळ्यांना माहिती दाखवायला काढलेली. तिच्या मागे ग्रुपच नसतो, शेअर साइट एवढंच बटण असतं, त्यामुळे तिथे प्लॅनर का नाही म्हणून कोणी भांडायला आलं तर त्याला टीम साइट काढून द्या.