दंडाची पावती: खान्देशातल्या जंगल-जमिनीच्या लढ्यांमागचा इतिहास

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर वनहक्काचा विषय काढा, घरातून प्लॅस्टिकची पिशवी बाहेर येते. तीत रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि घडीवर फाटत चाललेली वनखात्याच्या दंडाची पावती. बाप नाहीतर आजा जंगलात नांगर घालताना सापडला होता, त्याची. २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५च्या आधीचा ताबा दाखवायला सांगितलं आणि गुन्ह्याचा हा कागद एकदम पुरावा झाला.

या पावतीमागे खान्देशातल्या संघटनांची अर्धी कहाणी आहे. पर्यावरण हा शब्द इथे फार उशिरा आला. आधी होता तो मजुरीचा आणि जमिनीचा झगडा. शहादा-तळोद्याच्या काळ्या रानात भिल्ल सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमजुरी, करत. त्यातली कितीतरी शेतं एकेकाळी त्यांच्याच घराण्यांची होती, सावकाराच्या कागदावर अंगठे उठले आणि ती गेली. १९३०च्या दशकात गुलाम महाराजांनी आप धर्मातून, म्हणजे आदिवासींमधल्या सुधारणेच्या चळवळीतून, दारू सोडायला आणि मान ताठ ठेवायला शिकवलं होतं. मे १९७१मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला आणि दबलेला राग उघड्यावर आला. भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती पुढे होते. बाहेरून आलेले सर्वोदयी आणि डाव्या विचारांचे तरुण सोबतीला होते. १९७२मध्ये, ऐन दुष्काळात, श्रमिक संघटना उभी राहिली. बायांनी गावोगावचे दारूचे मडके फोडले तेही याच दिवसांतलं. त्या लढ्याच्या वर्णनांत ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, खरं तर ती वेगळ्या लेखाची आहे.

पुढे नर्मदा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली येणार होती, सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्यातली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. पहिलं मणिबेली. नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने १९७९मध्ये जमिनीला जमीन असं ठरवलं, पण ज्याच्याकडे सातबारा नाही त्याचं काय? डोंगरातली पिढीजात शेती सरकारदप्तरी ‘अतिक्रमण’ होती. म्हणून नर्मदा बचाओ आंदोलनात धरणाच्या उंचीइतकाच वाद या एका शब्दावर झाला. ‘आमु आखा एक से’ (आम्ही सारे एक आहोत) ही घोषणा तिथलीच.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड तुकडा तळोद्याचा. विस्थापितांना वसवायला १९९०मध्ये तिथलं सुमारे २,७०० हेक्टर राखीव जंगल मोकळं करण्यात आलं. झाडं गेलीच, शिवाय त्या जंगलात आधीपासून कसणारे आदिवासी होते, तेही अडचणीत आले. आदिवासींच्या पुनर्वसनासाठी आदिवासींनाच हलवायचं आणि जंगलही तोडायचं! ‘जंगल की माणूस’ हा प्रश्न शहरात बसून विचारायला सोपा आहे. तळोद्यात दोन्ही एकाच वेळी हरले.

वनहक्क कायद्यानंतर लढा दाव्यांच्या फायलींवर आला. गाव पातळीवर वनहक्क समित्या झाल्या, दावे भरले गेले, त्यातले किती तरी फेटाळले गेले. नोव्हेंबर २०१८मध्ये लोकसंघर्ष मोर्चाचे लोक ठाण्याहून पायी मुंबईच्या आझाद मैदानावर गेले ते यासाठीच: वनपट्टे द्या, प्रलंबित दावे निकाली काढा. त्यात खान्देशातले आदिवासी मोठ्या संख्येने होते.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याची वाट निराळी. तिथे लाल झेंडा नव्हता, संघ परिवारातल्या वनवासी कल्याण आश्रमाच्या संपर्कातून काम सुरू झालं. १९९०च्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं जंगल राखायचं ठरवलं. नियम गावाने केले, राखणीला गावातलीच माणसं बसवली. पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही वाटांच्या कार्यकर्त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, आणि त्यामागे राजकारण आहेच. पण बारीपाड्यातही झाड तोडणाऱ्याला दंड होतो. फरक एवढाच की तो गाव ठरवतं.