उकाड्यात बिथरणारा फझ

जानेवारीतल्या एका गार सकाळी जुळवलेला माझा फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम घरघरीत करणारा पायाखालचा डबा, एप्रिल संपता संपता बिथरला. स्वर धरून ठेवला की हळूहळू विरण्याऐवजी मध्येच खुडल्यासारखा तुटायचा. ठाण्यात नौपाड्यातली आमची खोली शेवटच्या मजल्यावर, दुपारी पारा 36 वर. आधी सोल्डरिंगवर संशय घेतला, मग जॅकवर. दोन्ही निर्दोष.

गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकी गुंडाळीतून, येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. फझ त्याला इतका फुगवतो की तो 9 व्होल्टच्या बॅटरीत मावत नाही आणि लाटेचे शेंडे उडतात, खाणींनी कापलेल्या पारसिकच्या टेकडीसारखे. कापलेली कड जितकी तीक्ष्ण, तितके वरचे स्वर जास्त. ए तार 110 हर्ट्झची. लाट दोन्हीकडून सारखी कापली तर तिच्यात 330, 550, 770 मिसळतात. एकीकडून जास्त कापली तर 220 आणि 440 सुद्धा. ओव्हरड्राइव्ह या फझच्या सौम्य भावंडात बहुधा काही डायोड या कडा गोलसर करतात. फझला असली सभ्यता नाही.

हा आवाज जन्मला तोच बिघाडातून. 1961 च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये एका रेकॉर्डिंगच्या वेळी कन्सोल बिघडला आणि बास गिटार घरघरली. ती घरघर लोकांना आवडली. 1962 मध्ये मेस्ट्रोचा फझ-टोन आला, 1966 मध्ये लंडनहून गोल डब्यातला फझ फेस. त्याच्या पोटात फक्त 11 भाग: 2 ट्रान्झिस्टर, 4 रेझिस्टर, 3 कपॅसिटर, 2 पॉट म्हणजे फिरवायच्या खुंट्या. माझा पेडल त्याचीच नक्कल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, बाकी सगळं चुटकीसरशी मिळतं. जुन्या काळचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर मागितला की दुकानदार आधी आपलं वय न्याहाळतो.

खोड या जर्मेनियमचीच. बेस, म्हणजे ट्रान्झिस्टरला हुकूम देणारा पाय, मोकळा सोडला तरी त्याच्यातून थोडा करंट झिरपत राहतो, आणि ही गळती ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट होते. 22 अंशांना 100 मायक्रोअँप असेल तर 36 ला अडीचपटीहून जास्त. हल्लीच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरची गळतीही उष्णतेने वाढते, पण ती मुळात नॅनोअँपमध्ये, म्हणून जाणवत नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर मल्टिमीटर लावा. उणे चिन्ह सोडलं तर तिथे साधारण 4.5 व्होल्ट हवेत. गार सकाळी पहिला ट्रान्झिस्टर नुसता चिमटीत धरला तरी आकडा वर सरकायला लागतो. बोटांची ऊब पुरते! त्या दुपारी मीटर 6.3 दाखवत होता. म्हणजे पहिल्याच्या गळतीने दुसरा ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद पडायच्या बेतात, आणि सिग्नल जरा क्षीण झाला की तो गप्प. स्वर तुटत होता तो यामुळे.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. कलेक्टरवरचा 8.2 किलोओहमचा रेझिस्टर काढून 20 किलोओहमचा ट्रिमपॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, बसवला आणि पेचकसाने फिरवत 14 च्या आसपास नेला. मीटर 4.5 वर आला, तुटणारा स्वर पुन्हा लांबला.

‘त्यापेक्षा सिलिकॉन लाव की,’ मित्र म्हणाला. लावूनही पाहिलं. हवामानाची कटकट संपली, पण आवाज कानाला टोचायला लागला. जर्मेनियम परत बसवलं आणि डब्याला पेचकस जाईल एवढं भोक पाडलं. जूनमध्ये पहिली मोठी सर कोसळली त्या संध्याकाळी ट्रिमपॉट 11 वर उतरवावा लागला.