मांडीवर बसवलं होतं का?

"मुलाला उचललं कुणी? ठेवलं कुणाच्या मांडीवर? त्या वेळी तुम्ही कुठं बसला होता?"

दत्तकाचा वाद असलेल्या वाटपाच्या दाव्यात उलटतपासणी साधारण अशी चालते. साक्षीदार बहुधा सत्तरीपुढचा, भावकीतलाच. तो सांगतो, भटजी होते, पेढे वाटले, पंगत उठली, फोटो काढला. वकील सगळं ऐकून घेतो आणि परत मांडीवर येतो. पेढे नसले, भटजी नसले तरी दत्तक टिकतं. जन्मदात्यानं दिलं आणि घेणाऱ्यानं घेतलं हे सिद्ध झालं नाही, तर हजार पानांची पंगतही उपयोगाची नाही.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 21 डिसेंबर 1956 पासून लागू झाला. त्याच्या कलम 11 मध्ये मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं पाहिजे, अशी अट आहे आणि दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचं हवन, आवश्यक नाही, असंही स्पष्ट म्हटलंय. 1961 मध्ये लक्ष्मणसिंह कोठारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आई-बाप मूल उचलून देण्याची कृती दुसऱ्याकडून करवून घेऊ शकतात, पण डोळ्यांना दिसेल अशी काहीतरी कृती हवीच. मनातल्या मनात दत्तक होत नाही.

कोल्हापूरकराला हे नव्यानं सांगायला नको. इथली गादीच दत्तकांवर चालली. 1760 मध्ये संभाजी महाराज निपुत्रिक गेले आणि जिजाबाईंनी दोन वर्षांनी दत्तक घेतलेले शिवाजी गादीवर आले. पुढं 1866 मध्ये बाबासाहेब महाराजांनी बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर घेतला, तेच राजाराम. ते 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले. मग 1871 मध्ये सावर्डेकर भोसल्यांचे नारायणराव आले, ते चौथे शिवाजी. त्यांचा अंत 1883 च्या डिसेंबरात अहमदनगरला झाला. आणि 17 मार्च 1884 रोजी त्यांच्या विधवा राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला. पोराचं वय दहाच्या आतबाहेर. आपण ज्यांना राजर्षी म्हणतो ते हेच. अठरा वर्षांत तीन दत्तकविधानं! बहिणीचा मुलगा द्विजांना दत्तक चालत नाही, असा शास्त्राचा दंडक होता. पुढं वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही या वादात, क्षत्रियत्वावरून जे रान उठलं, ते आठवलं की 1866 चा हा दत्तक जास्तच रंजक वाटतो.

राजाच्या दत्तकात मात्र खरा पेच मांडीचा नसायचा, परवानगीचा असायचा. 1848 मध्ये शेजारच्या साताऱ्यात आप्पासाहेब महाराजांनी मरणशय्येवर मुलगा घेतला, विधी झाला, पण गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो वारसा मानला नाही आणि राज्य खालसा केलं. सरकारची मंजुरी नव्हती, एवढंच कारण. बंडानंतर इंग्रजांनी धोरण बदललं आणि 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कोल्हापूरला ती मिळाली म्हणून पुढची तिन्ही दत्तकं पार पडली.

पाटला-कुळकर्ण्यांच्या घरात सनद नव्हती, तिथं शास्त्रच बघितलं जाई. इथं महाराष्ट्राची वाट वेगळी होती. "नवऱ्याच्या अनुज्ञेशिवाय स्त्रीनं मूल देऊ नये, घेऊ नये" या वसिष्ठवचनाचा अर्थ प्रांतोप्रांती वेगळा लावला गेला. बंगालात नवऱ्यानं हयातीत सांगून ठेवलेलं नसेल तर विधवेला दत्तक घेता येत नसे. मूळ पैठणच्या घराण्यातल्या नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूख या धर्मशास्त्राच्या ग्रंथात मात्र हे बंधन नवरा जिवंत असेपर्यंतच मानलंय. म्हणून मराठी मुलखातली विधवा स्वतःच्या अधिकारात दत्तक घेऊ शकत होती. 1921 मध्ये यादव विरुद्ध नामदेव प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनंही, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयानंही, हे मान्य केलं. लग्न झालेला, पोरंबाळं असलेला बाप्याही आपल्याकडं दत्तक जाई.

खरी भाऊबंदकी इथून पेटली. विधवेनं नवऱ्यामागं वीस वर्षांनी मुलगा घेतला, तरी तो नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनच मुलगा होता असं धरलं जाई. दिरांनी मधल्या काळात वाटणी करून घेतलेली, मळी विकलेली, त्यावर विहीर पाडलेली. आणि एके सकाळी वाड्यातल्या थोरल्या काकूनं कुणाला तरी मांडीवर घेतलं की सगळं परत खणायला लागायचं. 1943 मध्ये अनंत विरुद्ध शंकर या निकालात प्रिव्ही कौन्सिलनं ही रेघ फारच लांब ओढली. सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये ती आखूड केली.

एवढी मिळकत एका विधीवर फिरत असेल, तर न झालेला विधी झाला म्हणून सांगायचा मोह कुणालाही होणार. किशोरीलाल विरुद्ध चलतीबाई (1959) मध्ये न्यायालयानं म्हटलं, की दत्तकानं वारशाचा नैसर्गिक ओघ बदलतो, म्हणून पुरावा संशयापलीकडचा पाहिजे. आजची ती खोदून खोदून केलेली उलटतपासणी तिथून आलेली आहे.

1956 च्या कायद्यानं मुळावरच घाव घातला. कलम 12 प्रमाणे दत्तकाआधी ज्याच्याकडं जी मिळकत गेली, ती दत्तक मुलाला काढून घेता येत नाही. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. घेणारा पुरुष विवाहित असेल तर बायकोची संमती लागते. 2011 च्या घिसालाल प्रकरणात न्यायालयानं बजावलं, की बायको विधीला नुसती हजर होती म्हणजे संमती नव्हे. पंधरा वर्षांपुढचा किंवा लग्न झालेला मुलगा घ्यायचा तर रूढी दाखवावी लागते. आपल्याकडं ती जुनीच आहे. धनगर समाजातल्या एका दत्तकावरून 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की न्यायालयांनी एकदा मानलेली रूढी दर वेळी नव्यानं सिद्ध करायला नको.

नव्या कायद्याखालचा इथला सर्वांत गाजलेला दत्तक पुन्हा राजवाड्यातलाच. 1962 मध्ये शहाजी महाराजांनी मुलीचा मुलगा घेतला, तेव्हा कोल्हापुरात मोठं आंदोलन झालं. मुलगा चौदा वर्षांचा, म्हणजे वयाच्या अटीत बसणारा. लोकांचा राग कलमांवर नव्हताच, राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजेंना डावललं यावर होता. 2024 च्या लोकसभा प्रचारातही तो विषय निघाला.

आता कागदाचं. कलम 16 प्रमाणे नोंदणीकृत दत्तकपत्रावर देणारा आणि घेणारा, दोघांच्याही सह्या असतील तर दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालय गृहीत धरतं आणि ते खोटं पाडायची जबाबदारी विरोधकावर जाते. गडबड इथंच होते. दत्तकपत्र उघडावं तर घेणाऱ्याची ठळक सही, दोन साक्षीदार, आणि जन्मदात्या बापाची सही कुठंच नाही. तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकड्यावर बसून होता म्हणे. मग गृहीतक गेलं, सगळं तोंडी पुराव्यानं सिद्ध करायचं. मजकुरात विधीची तारीख, जागा आणि मूल कुणी कुणाला दिलं हे नसेल तर आणखी पंचाईत, कारण कागद म्हणजे झालेल्या दत्तकाची आठवण, दत्तक नव्हे. आणि "दत्तक रद्द" म्हणून नंतर केलेल्या दस्ताला काही किंमत नाही, कलम 15 तसं होऊ देत नाही.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा विधी असेल तर साक्षीदार कुठून आणायचे? देबीप्रसाद (1970) प्रकरणात न्यायालयानं जुन्या दत्तकाला सवलत दिली: घरानं, गावानं त्याला वर्षानुवर्षं मुलगा म्हणून वागवलं असेल तर त्यालाही वजन आहे. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, अग्नी कुणी दिला, असली माहिती कामाला येते. तलाठ्याच्या फेरफारावर विसंबून राहणाऱ्यांची मात्र निराशा होते. त्या नोंदीनं सारा कुणी भरायचा ते ठरतं, मुलगा कुणाचा ते नाही.

कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयातून अपिलात गेलेली अशी प्रकरणं पूर्वी मुंबईला जायची. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयात बसतं. तारखेला जाणाऱ्यांची रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस वाचली. सकाळची भाकरी खाऊन जाता येतं, आणि तिथंही कागदातून पहिल्यांदा शोधायचं तेच, की मुलाला उचललं कुणी.